मागील बाकी

एक जानेवारीला सकाळी बापूंच्या दुकानात गेलं तर बापू गिऱ्हाइकाकडे बघत नाहीत. एरवीही फारसे बघत नाहीत, पण त्या दिवशी निदान कारण असतं. काउंटरवर लाल कापडी बांधणीची खतावणी उघडी असते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर उतरलेला असतो आणि बापू पट्टी धरून पानाच्या मधोमध रेघ मारत असतात. रेघेच्या डावीकडे 'जमा', उजवीकडे 'नावे'. सरत्या वर्षात वाचून झालेली पुस्तकं जमेला, राहिलेली नावे. जमेची बाजू लिहायला बापूंना पाच मिनिटं लागतात. नावेची बाजू दुपारच्या चहापर्यंत चालते.

ही वही मुळात धंद्याची. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन करायचं म्हणून बापू दरवर्षी एक नवी खतावणी आणतात, पहिल्या पानावर 'श्री' काढतात, 'शुभ लाभ' लिहितात, हळदकुंकू वाहतात आणि हिशेब मात्र कॉम्प्युटरवर ठेवतात. त्यामुळे पहिल्या पानानंतर वही कोरी. कोरा कागद वाया घालवणं पुस्तकविक्याच्या जिवावर येतं, लेखकाच्या तर फारच. बापू दोन्ही आहेत. अप्पा बळवंत चौकातून आत वळणाऱ्या एका गल्लीत त्यांचं १० बाय १२ चं दुकान आहे आणि त्या दुकानात त्यांचं स्वतःचं एक पुस्तक आहे. एक म्हणजे नाव एक, प्रती ३४०.

नावेच्या बाजूची पहिली ओळ गेली १७ वर्षं बदललेली नाही: 'मागील बाकी'. तिच्याखाली केतकरांचा ज्ञानकोश. एका वाड्याचं पाडकाम निघालं तेव्हा रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून बापूंनी तो संच सोडवून आणला. 'सोडवून' हा त्यांचा शब्द. विकत आणला असं ते म्हणत नाहीत. २३ खंड. महिन्याला दोन वाचले तर १५ डिसेंबरला संपतो आणि उरलेले पंधरा दिवस मोकळे. त्याखाली ज्ञानेश्वरी. नऊ हजार ओव्या, रोज २५, म्हणजे ३६० दिवस. "उरले पाच," बापू पंजा दाखवतात, "ते गणपतीचे." गणितात खोट काढता येत नाही. मी काढून पाहिली आहे.

"केतकरांनी एवढं अवाढव्य काम बारा वर्षांत हातावेगळं केलं हो," बापू दर जानेवारीला म्हणतात, "आणि मला नुसतं वाचायला सतरा पुरेनात." म्हणताना सुरात खंत म्हणाल तर औषधालाही नसते. घरातल्या थोरल्या माणसाची कर्तबगारी सांगताना असतो तसा अभिमान असतो.

तुम्हाआम्हाला वर्षातून दोन नवी वर्षं येतात, एक इंग्रजी आणि एक गुढीपाडव्याचं. बापूंना पाच येतात, आणि प्रत्येकाला संकल्प ताजा करावा लागतो.

जानेवारीचा संकल्प संक्रांतीपर्यंत तगतो. मग कुठे ना कुठे ग्रंथप्रदर्शन लागतं, गाळा घ्यायचा असतो, गठ्ठे बांधायचे असतात, सुतळी संपलेली असते. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी बापूंना दोन-तीन शाळा 'वाचाल तर वाचाल' या विषयावर बोलायला बोलावतात. त्या भाषणाच्या तयारीत पंधरा दिवसांचं वाचन बुडतं. मार्च आला की गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान खर्ची टाकायचं असतं. फोन येतात. "बापू, पंचवीस हजारांची द्या." "कुठली?" "ते तुम्ही बघा. तीन कपाटं भरली पाहिजेत." बापू बघतात. जाड बघून देतात.

गुढीपाडव्याला कडुलिंबाचं पान चावता चावता तोच संकल्प पुन्हा सुटतो. फक्त ज्ञानकोशाचा वेग महिन्याला दोनाचा तीन खंड होतो. एक एप्रिलला आर्थिक वर्ष. त्याच्या तोंडावर दुकानाची मोजदाद. बापू स्टुलावर चढून वरच्या फळीवरून एकेक पुस्तक काढतात, झटकतात, नाव उच्चारतात आणि पोरगा खाली बसून लिहून घेतो. हा पोरगा सोळाव्या वर्षी दुकानात आला. आता त्याच्या मुलीचं कॉलेज चालू आहे, तरी तो पोरगाच. मोजदाद खरं म्हणजे एका दिवसाचं काम, पण बापूंकडे आठवडा लागतो, कारण वरच्या फळीवरचं एखादं पुस्तक हातात आलं की बापू खाली येईनासे होतात. पोरगा दहा मिनिटं पेन धरून बसतो, मग उठून चहाला जातो, परत येतो तरी बापू स्टुलावरच. माझ्या मते बापूंचं वर्षातलं बिनहिशेबी वाचन एवढंच: मार्चअखेर, स्टुलावर, एका हाताने फळी धरून. ते वहीत कधीच चढत नाही. मोजदादीत केलेलं काम वाचनात कसं धरणार, असं त्यांचं म्हणणं.

जूनमध्ये शाळा. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बालभारतीचे गठ्ठे, वह्या, ब्राउन पेपर आणि काउंटरपुढे हातात यादी घेतलेले पालक. त्या महिन्यात बापूंचा संकल्प एका शब्दाचा असतो: 'जुलै'.

पाचवं वर्ष दिवाळीचं. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला दिवाळीत फराळाबरोबर वाचायची सवय लावली. पुस्तकविक्याचं दिवाळीतलं वाचन त्यांनी तेव्हाच बंद पाडलं, ही बाजू कुणी मांडत नाही. पाच अंकांचा संच, दहा अंकांचा संच, संचाबरोबर काही भेट आहे का, हा अंक काढून तो घाला, गेल्या वर्षी तर जास्त सूट दिली होती. यातून मान वर काढतात तो पाडवा. पूजा होते, नवी वही येते, जुनीतली बाकी नवीत ओढायची, की आलाच जानेवारी.

आता कुणी विचारेल, की मग बापू वाचतात तरी कधी. दुपारी दोन ते चार. कधी, यापेक्षा कसे हे जास्त महत्त्वाचं आहे. दुकानातली प्रत विकायची असते. कणा मोडलेला दिसला, पानांत फट दिसली, की गिऱ्हाईक पुस्तक परत सरकवतं आणि म्हणतं, दुसरी कोरी दाखवा. म्हणून बापू पुस्तक पुरतं उघडत नाहीत. दोन्ही पुठ्ठे चिमटीत धरून जेमतेम तीन बोटं फाकवतात आणि मान तिरपी करून आत डोकावतात, विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसं. यात होतं असं, की डाव्या पानावरच्या ओळींचे शेवटचे शब्द आणि उजव्या पानावरच्या ओळींचे पहिले शब्द शिवणीत राहून जातात. चाळीस वर्षं बापूंनी मराठी साहित्य असं कडेकडेने वाचलेलं आहे. शिवणीतले शब्द ते अंदाजाने भरतात, आणि माझा संशय आहे की काही लेखकांच्या बाबतीत बापूंचे शब्द बरे असावेत. नेमाड्यांची 'कोसला', १९६३ ची. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांनी खच्चून भरलेली कादंबरी. ती एकदाची संपवली तेव्हा मी विचारलं, कशी वाटली? "चांगली आहे," बापू म्हणाले, "पण लोक उगाच बोलतात. वगैरे काही इतके नाहीत त्यात."

वाचलेलं असो-नसो, पुस्तक बापूंना ठाऊक असतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. चौकात रोज कुणीतरी येतं आणि विचारतं, "कर्णाचं आहे का हो?" बापू विचारतात, "जाडं की बारीक?" जाडं म्हणजे शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय', बारीक म्हणजे रणजित देसाईंचं 'राधेय'. इतपत कुठलाही दुकानदार सांगेल. बापू पुढचं विचारतात. "वाचायला की द्यायला?" द्यायला असेल तर जाडं, वाचायला असेल तर बारीक. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा'चा पिक्चर आला तेव्हा मूळ कादंबरी मागायला एक तरुण जोडपं आलं. १९७९ ची कादंबरी, पिक्चर बघून दोघांचे डोळे अजून लाल. बापूंनी पुस्तक समोर ठेवलं. त्याची जाडी बघून मुलाचा चेहरा उतरला. "दोघांत एक घ्या," बापू म्हणाले, "अर्धं-अर्धं वाचा आणि एकमेकांना सांगा. लग्नाला मदत होते." त्यांनी घेतलं. पुढे काय झालं, कळलं नाही.

पण यादीचा मोह बापूंनाही सुटत नाही. डिसेंबरअखेर फेसबुकवर लोक वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची चळत रचून फोटो टाकतात. कुणी ५२, कुणी ७०. एकदा मी आमच्या दोघांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचं सांगितलं, की त्यांची यंदा १०० झाली म्हणे. बापू काही बोलले नाहीत. कॉम्प्युटरवर नाव घातलं, खाली-वर केलं. "आपल्याकडून चार," ते म्हणाले, "त्यात एक पंचांग."

तरी तो आकडा लागतोच जिव्हारी. २० डिसेंबरनंतर बापू बारीक पुस्तकांकडे वळतात. मनाचे श्लोक, २०५, एका बैठकीत जमा. रामरक्षा जमा. एका वर्षी जमेच्या बाजूला आरतीसंग्रह दिसला. मी नुसतं बोट ठेवलं. "सगळ्या पाठ आहेत," बापू म्हणाले, "म्हणजे कधीतरी वाचल्याच असणार ना?"

लेखक बापू ही वेगळी असामी आहे आणि तिचं दुकानदार बापूंशी पटत नाही. पुस्तक ललित लेखांचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही घ्याल आणि लेखकाला भलती सवय लागेल. पूर्वी मराठीत आवृत्ती म्हणजे हजार-अकराशे प्रती असं चालायचं. बापूंनी स्वतःच्या खर्चाने पाचशे छापल्या. त्यातल्या १२० सप्रेम भेट, ४० रोखीने, बाकीच्या दुकानात. प्रकाशक दुकानदाराकडे पुष्कळदा माल जाकडावर ठेवतो: खपला तर पैसे, नाही तर परत. बापूंनीही आपला माल आपल्याकडे जाकडावर ठेवला आहे, रीतसर चलन करून. देणार बापू, घेणार बापू, दोन सह्या, दोन वेगळ्या पेनांनी. मी ते चलन पाहिलं आहे. कमिशनवरून बोलणी फिसकटायला आली होती. लेखक ३० टक्क्यांवर होते, दुकानदार ४० वरून खाली येईनात. अखेर दुकानदाराचं चाललं, कारण जागा त्याची.

दर महिन्याला लेखक खपाची विचारपूस करतात. "चौकशा आहेत," दुकानदार सांगतात. पुढे ठेवा की जरा, असं लेखक म्हणतात. पुढे ठेवलेलीच असतात; काउंटरला लागून गठ्ठ्यांची जी बसकी चळत आहे ती तीच. पोरगा दुपारी तिच्यावर बसून डबा खातो. नव्या पुस्तकाचा संकल्पही खतावणीत असतो, रोज एक पान लिहायचं म्हणून. पण न लिहिलेलं पुस्तक जमेलाही बसत नाही आणि नावेही, म्हणून बापू तो समासात पेन्सिलीने टिपून ठेवतात.

तर परवाच्या डिसेंबरातली गोष्ट. शेवटच्या आठवड्यात आकडा वाढवायला बापूंनी विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' हातात घेतलं. १९३९ ची कादंबरी, अंगाने बारीक, दोन दुपारींत जमेला पडेल असा हिशेब. हिशेब चुकला. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, त्यांच्यातली एक मुलगी, आणि घरी परतणारा एक मराठी तरुण. बापू एकेक पान दोनदा वाचायला लागले. सुट्टे पैसे कमी द्यायला लागले, मग जास्त द्यायला लागले. मी गेलो तर म्हणाले, "काउंटरवर बसून बोट लागते हो मला."

पान ६१ वर चहाची वेळ झाली. बापूंनी बिलबुकाच्या मागच्या कागदाची चिठ्ठी फाडली, सवयीने तिच्यावर लिहिलं, 'पान ६१. बाकी पुढे ओढणे.' चिठ्ठी पुस्तकात घातली, पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि कोपऱ्यावर गेले. परत आले तर काउंटर मोकळा. पोरग्यानं विकलं होतं. त्याची चूक नाही, पुस्तकाच्या दुकानात पुस्तक विकणं हे त्याचं कामच. पण बापू त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाहीत.

"दुसरी प्रत मागवा की," मी म्हणालो.

"मागवली तर पहिल्यापासून वाचावी लागेल. माझी एकसष्ट पानं त्या प्रतीत गेली."

यावर काय बोलणार? बिलावर नाव होतं. पेठेतलेच एक निवृत्त मास्तर, फोन नंबरही होता. पण विकलेल्या मालाचा शेवट काय झाला हे दुकानदारानं गिऱ्हाइकाला कसं विचारायचं? धंद्यात बसत नाही. एक जानेवारीला खतावणीत मी स्वतः वाचलं: 'रणांगण. पाने ६१ जमा. बाकी गिऱ्हाइकाकडून येणे.'

गुढीपाडव्याला सकाळी मी दुकानात होतो. दाराशी गुढी, बापू कडुलिंब चावत वही चाळतायत, ज्ञानकोश महिन्याला तीन. तेवढ्यात मास्तर आले. कापडी पिशवीतून 'रणांगण' काढून काउंटरवर ठेवलं, त्यातली चिठ्ठी काढून पुस्तकावर ठेवली.

"तुम्ही लिहिलंत म्हणून थांबलो," मास्तर म्हणाले.

"कुठे?"

"एकसष्टवर. बाकी पुढे ओढणे, असं लिहिलंय. मला वाटलं, दुकानाची काही नवी पद्धत असेल. जुन्या वर्षात एवढं, उरलेलं नव्या वर्षात. आता आमचं वर्ष म्हणजे पाडव्याचं. आज पाडवा. म्हटलं, विचारून घ्यावं. वाचू का पुढे?"

उभा जन्म शाळेत काढलेला माणूस. लेखी सूचना आली की तो पाळतो. तीन महिने त्या बोटीतली माणसं पान ६१ वर ताटकळत उभी होती आणि मास्तर रोज पुस्तकाकडे बघून परिपाठ सांभाळत होते. बापूंनी मास्तरांकडे बघितलं. गिऱ्हाइकाकडे इतका वेळ बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"वाचा की," बापू म्हणाले. घसा खाकरला. "घरी जाऊन सावकाश वाचा."

"घरी कशाला? चष्मा आणलाय."

पोरग्याला दोन चहा सांगितले गेले, माझ्याकडे बघून तीन. मास्तर लेखकाच्या गठ्ठ्यांवर बसले, बापूंनी स्टूल ओढलं. मास्तरांनी ६१ वं पान काढलं, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि वर्गात ठेवतात तसा पानांच्या मधोमध तळहात ठेवून दाबलं. कणा कडकन वाजला. बापूंनी डोळे मिटून घेतले, दाढ काढताना मिटतात तसे.

मास्तर मोठ्याने वाचू लागले. स्वल्पविरामाला अर्धा दम, पूर्णविरामाला पूर्ण. दोन पानं झाली असतील. बापूंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. पुस्तक आडवं सपाट पडलं होतं, ओळी या कडेपासून त्या कडेपर्यंत उघड्या. बापू पुढे वाकले, आणखी वाकले.

"मास्तर, जरा थांबा," ते म्हणाले आणि शिवणीजवळ बोट नेलं. "हा शब्द इथे असतो होय?"

बाहेरून कुणीतरी विचारलं, "कर्णाचं आहे का हो?" बापूंनी वर न बघता तळहात दाखवला. पोरगा चहाचे ग्लास खाली ठेवून दारापर्यंत गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "जाडं की बारीक?"